खाडीतून होडी वर नेताना: दाभोळ ते गोवळकोट, नवख्यांसाठी

दापोली-गुहागरकडे जागा घेतली आणि जागेपाठोपाठ फायबरची होडीही घेतली, असे बरेच जण हल्ली भेटतात. किनाऱ्याजवळ दोन-चार फेऱ्या मारून झाल्या की त्यांची नजर खाडीकडे वळते. लाटा नाहीत, दोन्ही अंगांना डोंगर, मधूनमधून एखादी वाडी. खाडी सोपी वाटते ती यामुळे. पण समुद्रात निदान पायाखाली पाणी असतं. खाडीत तुम्ही डबा उघडून बसेपर्यंत पाणीच निघून जातं.

हा लेख दाभोळच्या मुखापासून वाशिष्ठीतून चिपळूणच्या गोवळकोटकडे जाणाऱ्या वाटेबद्दल आहे. बाणकोटच्या सावित्रीला, जयगडच्या शास्त्रीला किंवा रेवदंड्याच्या कुंडलिकेलाही यातलं बरंचसं लागू पडेल. दाभोळ खाडी आणि वाशिष्ठी मिळून ४५ किलोमीटरचा हा पट्टा २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ झाला. नाव भारदस्त आहे, पण रस्त्यासारख्या पाट्या भेटतील या आशेवर राहू नका.

ज्या देशांत नद्या-कालव्यांतून खासगी होड्या फिरतात, तिथे पाण्याच्या पातळीतला फरक ओलांडायला लॉक असतात. होडी कोठडीत घ्यायची, मागचं दार लावायचं, आत पाणी भरायचं आणि पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडायचं. पनामा कालव्यात याच पद्धतीने जहाजं सुमारे २६ मीटर वर चढतात. आपल्या देशात पश्चिम बंगालातल्या फरक्क्याला असा लॉक आहे. तिथे दार माणूस उघडतो. दाभोळच्या खाडीत ते काम भरती करते. वरचे उथळ पट्टे दिवसातून दोनदा उघडतात आणि दोनदा बंद होतात. ती वेळ कुणाला फोन करून पुढे-मागे करून घेता येत नाही. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघाल्या आहेत.

आधी तिथी

शनिवार-रविवार बघून बेत आखू नका, तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी पहाटे साधारण त्याच सुमाराला एक होऊन गेलेली. अष्टमीला सहा वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासून नव्याने करायची. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. पाऊण तासाचा आडाखा त्यावरूनच आला.

हा आडाखा बेत ठरवायला पुरतो, होडी हाकायला पुरत नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे मुंबईच्या वेळा बघून दाभोळला आलात तर पाणी तुमच्या आधीच येऊन गेलेलं असेल. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं किंवा त्यांवर चालणारं एखादं ॲप वापरा, आणि जवळच्या बंदराचं पान उघडलंय ना, हे दोनदा तपासा. कोष्टकातला मीटरचा आकडा म्हणजे पाण्याची खोली नव्हे. नकाशावर छापलेल्या खोलीत तो मिळवायचा, तेव्हा त्या घटकेची खोली कळते.

तिथी निवडताना नवखे हमखास पौर्णिमा-अमावास्येचं उधाण धरतात, कारण पाणी भरपूर. माझा सल्ला वेगळा आहे. उधाणाच्या दोन ते चार दिवस आधीचं, म्हणजे एकादशी ते त्रयोदशीचं पाणी धरा. भांग (अष्टमीच्या आसपासची छोटी भरती) संपून पाणी रोज थोडं थोडं चढत असतं, त्यामुळे आज रुतलात तर उद्याची भरती आजच्यापेक्षा मोठी येते आणि होडी उचलते. उधाण होऊन गेल्यावर पाणी रोज उतरत जातं. त्या दिवसांत अगदी वरच्या पाण्याला होडी एखाद्या भाटीवर (गाळाच्या उंचवट्यावर) चढून बसली, तर सुटायला पुढचं उधाण उजाडावं लागतं. म्हणजे जवळजवळ पंधरवडा.

वेळही जुळते. द्वादशीला बारा गुणिले पाऊण म्हणजे सकाळी नऊची भरती. फटफटल्यावर निघालात तर निम्मं पाणी भरलेलं असतं, पण अजून चढत असतं. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो, तो मंद असतो. दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो, आणि फेब्रुवारीपासून पुढे तो चांगलाच लागतो.

पाणी तासागणिक सारखं चढत नाही. चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. एकूण चढ २.४ मीटर धरला तर पहिल्या तासात जेमतेम २० सेंटिमीटर आणि मधल्या दोन तासांत प्रत्येकी ६०. पाण्याची ओढही याच मधल्या तासांत सर्वाधिक असते. हे गणित मुखाजवळ चालतं. वर नदीत जाल तसं भरतीला कमी वेळ मिळतो, ओहोटी लांबते आणि भरती उशिरा पोचते. किती उशिरा, ते त्या त्या गावच्या धक्क्यावर विचारायचं.

पावसाळ्याचा विचारच करू नका. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. नारळी पौर्णिमेनंतरही वाशिष्ठीला डोंगरातलं पाणी येत राहतं, त्यामुळे पहिल्या फेरीसाठी दसऱ्यानंतरचा काळ बरा.

कागद आणि सामान

इंजिनाच्या होडीची नोंदणी लागते. अंतर्गत जलमार्गांसाठी आता २०२१ चा कायदा आहे (१९१७ चा जुना त्यामुळे रद्द झाला). आपल्याकडे हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयांतून चालतं. होडी विकणाऱ्याने दिलेल्या बिलाला नोंदणी समजू नका. विमा, चालवणाऱ्याचा परवाना, माणसं किती बसवायची, हे सगळं तिथेच समक्ष विचारून घ्या.

सामानात माणशी एक लाइफ जॅकेट, आणि ते अंगात घातलेलं हवं, सीटखाली कोंबलेलं नको. दोन नांगर, दोन वल्ही, खुणा केलेला एक लांब बांबू, भोंगा, विजेरी, फोन ठेवायला पाणी न शिरणारी पिशवी, आणि वाटतं त्याच्या दुप्पट पिण्याचं पाणी. बांबूवर दर अर्ध्या मीटरला रंगाचा पट्टा मारा. खोली मोजणारं यंत्र असलं तरी बांबू ठेवाच, कारण खाली चिखल आहे की वाळू की खडप (खडक), हे तो हाताला सांगतो. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि नेहमीचा ११२ लिहून ठेवा. डोंगरांच्या मध्ये फोनला रेंज जाते, म्हणून किनाऱ्यावरच्या एका माणसाला निघण्याची आणि परतण्याची वेळ सांगून जा.

आदल्या दिवशी धक्क्यावर

ही पायरी लोक गाळतात. आदल्या संध्याकाळी दाभोळ किंवा समोरच्या काठावरच्या धोपाव्याच्या धक्क्यावर जाऊन बसा. या खाडीवर भोई, खारवी, दालदी अशी पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर जगणारी माणसं आहेत. होडीची किंमत सांगत बसू नका. "काका, उद्या वर जायचा विचार आहे, खोल पाणी कुठल्या अंगाने आहे?" एवढं विचारलंत तरी पुरे. वयाने मोठ्या मुसलमान नाखव्याला चाचा म्हणा. काका-चाचा "तू कशाला जातोस?" असं उलट विचारतील. तो नकार नव्हे, चौकशी आहे. नीट उत्तर द्या.

तीन गोष्टी नेमक्या विचारा. डोलीची (पिशवीसारखी) आणि खुंटांना बांधलेली जाळी सध्या कुठे लागली आहेत. वाळू काढणाऱ्या होड्या कुठे उभ्या असतात. आणि वर पाणी दाभोळनंतर किती वेळाने वळतं. यातलं काहीच नकाशावर सापडत नाही. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर वाशिष्ठीत गाळाची उलथापालथ झाली, पुढे गाळ काढलाही गेला. दहा वर्षांपूर्वी इथून गेलेल्या पाहुण्याची माहिती म्हणूनच कालच्या भोईदादाच्या माहितीपुढे उभी राहत नाही. शक्य असेल तर पहिल्या फेरीला त्यांच्यातलाच एक जण सोबत घ्या आणि त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा.

मुखावर

खाडीच्या तोंडाला उत्तरेला दाभोळ, दक्षिणेला वेलदूर-अंजनवेल आणि वर गोपाळगड. पहिल्या फेरीला तोंडाबाहेर जायचं कारण नाही. होडी आतल्या धक्क्यावरूनच सोडा. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असताना समोरून वारा आणि लाट आली की मुखावर उभ्या, आखूड लाटा फुटतात. तास-दोन तासांपूर्वी सपाट दिसलेलं पाणी तेव्हा ओळखू येत नाही. बाहेरून आत यायची वेळ आलीच तर भरती चढत असताना या. अंजनवेलच्या बाजूला गॅस उतरवण्याचं टर्मिनल आहे, त्याच्या आसपास घोटाळू नका.

समुद्राकडून आत येताना लाल बोया (पाण्यावर तरंगती खूण) डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. भारतात सगळीकडे हीच पद्धत आहे. परतताना अर्थातच उलट.

दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून चालू आहे. गाड्या भरलेली ती सपाट बोट ओढीला तिरकी होत पलीकडे जाते, त्यामुळे तिचं तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे असते. तिच्या पुढून कधीही घुसू नका. थांबा आणि मागून जा. समोरून कुणी आलं तर दोघांनीही उजवीकडे सरकायचं. भोंग्याचा एक छोटा आवाज म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं चालवतोय. पाच किंवा जास्त छोटे आवाज म्हणजे तुमचं काय चाललंय ते मला कळत नाही. खाडीत फार कमी लोक हे वाजवतात. तुम्हाला मात्र समजलं पाहिजे, कारण मोठी बोट वाजवते.

वर जाताना

भरतीबरोबर वर जाण्याचा एक फायदा लगेच लक्षात येत नाही. पूर्ण भरतीची घटका स्वतःच आत सरकत असते आणि तुम्हीही तिच्याबरोबर सरकत असता. त्यामुळे चढतं पाणी कोष्टकातल्या आकड्यापेक्षा जास्त वेळ मिळतं. होडी ६ नॉटने चालली आणि मागून दीड नॉटची ओढ मिळाली तर तासाला सुमारे १४ किलोमीटर होतात. कागदावर तीन तासांत गोवळकोट येतं. पहिल्या वेळी इतकं ताणू नका. वाटेतल्या मालदोली गावाच्या आसपास जाऊन परत फिरा, तेवढ्यात खाडी पुरेशी कळते.

वळणावर बाहेरची कड खोल आणि आतली उथळ असते. दोन वळणांच्या मधल्या सरळ पट्ट्यात खोल पाणी एका काठावरून दुसऱ्या काठाकडे तिरकं जातं आणि होडी रुतते ती बहुधा तिथेच. खेडकडून येणारी जगबुडी मिळते तसे जिथे जिथे प्रवाह येऊन मिळतात, तिथे टोकाशी गाळ साचतो. टोक कापून आत वळायचा मोह टाळा. वारा नसताना एखाद्याच पट्ट्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या तर तिथे पाणी उथळ आहे असं धरा. तिवरांच्या कडेने जाणं सुरेख दिसतं, पण तिथे मुळं आणि कालवं (धारदार शिंपले) असतात.

वाळूचा मामला वेगळा. हातपाटीने वाळू काढणाऱ्या होड्यांभोवती माणसं पाण्यात बुडी मारून असतात, म्हणून वेग अगदी मंद करा आणि लांबून जा. उपसा झालेल्या जागी अचानक खड्डा आणि लगेच पुढे ढीग असतो. खोली मोजणारं यंत्र तिथे गोंधळतं.

जाळ्यांच्या बाबतीत कायद्यापेक्षा शेजारधर्म पाहा. ओळीने उभे खुंट दिसले तर मधून जाऊ नका, मोकळ्या टोकाला वळसा घाला. पाण्यावर रिकामी बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा एका जागी थांबलेला दिसला तर तो कचरा नसून जाळ्याची खूण असू शकते. पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणारा कुणी काठाच्या होडीत उभा असेल तर इंजिन हळू करा, तुमच्या लाटेने त्याचा तोल जातो. जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलंच तर कापून पळू नका. थांबून हाक मारा आणि भरपाई द्या. खाडी लहान आहे, परतीची वाट तीच आहे.

पुलाखाली आणि विजेच्या तारांखाली होडीवाल्याचं गणित उलटं होतं. तळाशी पाणी जितकं जास्त तितकी डोक्यावर जागा कमी. शिडाची काठी असेल तर ती आधीच उतरवून ठेवा. तारेखालून जाताना अंदाज करायचा नसतो.

वरच्या अंगाला दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर वाशिष्ठीत सोडलं जातं, म्हणून इथे उन्हाळ्यातही नदी वाहती असते आणि तिची ओढ वीजनिर्मितीप्रमाणे कमी-जास्त होते. आणि दुसरी म्हणजे मगरी. थंडीच्या दिवसांत पाणी उतरलं की त्या चिखलाच्या उतारावर ऊन खात पडतात. लांबून बघा, हात-पाय पाण्यात सोडू नका. पंख्यात गवत अडकलं तर पाण्यात उतरून काढू नका, इंजिन तिरकं उचलून होडीतूनच काढा.

इंजिनामागून पडणारी थंड पाण्याची धार अधूनमधून पाहत राहा. ती बारीक झाली म्हणजे चिखल आत ओढला गेला आहे. लगेच इंजिन बंद करा आणि नांगर टाका. पुढच्या धक्क्यापर्यंत नेऊन बघू म्हणणारे इंजिन जाळून बसतात.

रुतलात तर

कधीतरी रुतणार. पहिला प्रश्न एकच: पाणी चढतंय की उतरतंय?

चढत असेल तर घाई नको. इंजिन बंद करून पंखा वर घ्या. होडी आणखी वर ढकलली जाऊ नये म्हणून ज्या बाजूने आलात तिकडे नांगर फेका. चहा प्या. पाणी काम करेल.

उतरत असेल तर हातात काही मिनिटंच आहेत. इंजिन पुढे रेटू नका, त्याने होडी चिखलात आणखी घुसते. माणसांना जो भाग तरंगतोय तिकडे सरकवा म्हणजे रुतलेला भाग हलका होतो. बांबूने ज्या वाटेने आलात त्याच वाटेने मागे ढकला. इंजिन वापरायचंच तर अगदी हळू आणि उलटं. दोन-चार प्रयत्नांत नाही सुटली, तर झुंज सोडून द्या आणि मुक्कामाची तयारी करा. खोल पाण्याच्या बाजूला नांगर नीट रोवा, नाहीतर परतीची भरती होडीला आणखी वर नेऊन बसवेल. उतारावर असाल तर होडी काठाच्या बाजूला कलेल असं वजन ठेवा. खोल बाजूला कलली तर चढतं पाणी आधी आत शिरेल. किनाऱ्यावरच्या माणसाला कळवा.

होडीतून उतरून ढकलायला जाऊ नका. वाळू असेल तर गोष्ट वेगळी, पण खाजणातला काळा चिखल कमरेपर्यंत ओढतो, आणि त्यातली कालवं पाय कापतात. गुडघाभर वाटलेल्या चिखलातून माणसाला बाहेर काढायला होडीवरच्या सगळ्यांचे हात लागतात. सहा-सात तास उन्हात बसणं त्यापेक्षा बरं. दुप्पट पाणी घ्या म्हटलं ते याचसाठी.

बांधणं

लॉकमध्ये नवख्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती अशी की दोर पक्का बांधून सोडून द्यायचा नाही, हातात धरून पातळीप्रमाणे सैल-घट्ट करत राहायचा. नाहीतर पाणी उतरलं की होडी दोराला लटकते. धक्क्यावर तेच होतं, फक्त सावकाश. भरतीला आखूड बांधून जेवायला गेलेल्या माणसाची होडी ओहोटीला एका बाजूने टांगलेली सापडते. म्हणून दोर लांब ठेवा आणि पुढचा लांब पुढे, मागचा लांब मागे असा तिरका न्या. पाण्याचा चढ-उतार अडीच मीटर असेल तर प्रत्येक दोर निदान त्याच्या तिप्पट. फेरीबोटीच्या रॅम्पवर मिनिटभरही बांधू नका.

नांगरावर राहणार असाल तर खोली भरतीची धरा. ओहोटीला २ मीटर पाणी, ३ मीटर चढ आणि पाण्यापासून होडीच्या नाळेपर्यंत (पुढच्या टोकापर्यंत) १ मीटर, असे ६ झाले. त्याच्या पाचपट म्हणजे ३० मीटर दोर. ओढ उलटली की होडी नांगराभोवती पूर्ण फिरते. ३० मीटर दोराचा फेर अरुंद खाडीत मावत नसेल तर पुढे एक आणि मागे एक असे दोन नांगर टाका.

परत

परतीची वाट जास्त नाजूक आहे. जाताना पाणी तुमच्या बाजूने चढत होतं, आता ते पायाखालून सरकतंय, आणि खाली मुखाकडे ते तुमच्या आधीच उतरायला लागलंय. म्हणून जिथे असाल तिथली पूर्ण भरती गाठून थांबू नका, ती व्हायच्या थोडं आधीच तोंड फिरवा. उथळ पट्टे वरच्या पाण्यावर ओलांडून झाले की मग ओहोटीची ओढ आरामात वापरा. वर मासे-भाकरी खाऊ, तासाभराने निघू, असं कुणी म्हणालं तर त्याला उत्तर एकच: एकतर आत्ता निघायचं, नाहीतर रात्रीच्या भरतीपर्यंत इथेच. आणि रात्री नवख्याने खाडीत होडी हाकायची नाही, म्हणजे मुक्काम उद्या सकाळपर्यंत. तशी सोय करून आला असाल तर खुशाल थांबा, मालदोलीची सकाळ वाया जात नाही.

धक्क्याला लागल्यावर किनाऱ्यावरच्या माणसाला पोचल्याचं कळवा. इंजिनातून गोडं पाणी फिरवा, कारण खारं पाणी आणि बारीक गाळ आत सुकला की पुढच्या वेळी धार येत नाही. नांगराचा चिखल तिथल्या तिथे धुवा, वाळल्यावर तो दगड होतो. दोरावर कालवांचे काप बसलेत का ते हात फिरवून नको, डोळ्यांनी बघा.